तारण

बेकरीच्या वर, पंधरा पायऱ्या चढून त्याचं ऑफिस.
जिन्यात वेलचीचा वास.
फिनिश माणसं पावात वेलची घालतात,
थंडर बेमध्ये हे फक्त नवख्यालाच सांगावं लागतं.
दारावर पाटी: रायमो लेहतोनेन, गृहकर्ज.
खाली पेनानं: जोरात ठोका, ऐकू कमी येतं.

बँकेनं मला काचेआडूनच वाटेला लावलं होतं.
मी स्कूलबस चालवते. पगार दहा महिने.
जुलै-ऑगस्टमध्ये, त्यांच्या कागदावर,
मी नसतेच.

त्याचं नाव ओरिसिया मावशीनं दिलं.
म्हणाली, दलालच आहे तो,
पण आपल्या वस्तीतला. फसवलंन् तर
रविवारी दुकानाच्या रांगेत गाठता येईल.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला,
"माझे पैसे तू देत नाहीस, सावकार देतो.
म्हणून मी काहीही सुचवलं की विचारायचं,
कुणाच्या बाजूनं बोलताय?"
मी तिथल्या तिथे विचारलं.
तो हसला नाही.
तीन सावकारांचे व्याजदर मांडले टेबलावर
आणि कोण त्याला किती देतो तेही,
शेजारी, पेन्सिलीनं.

मग कागद.
बुटांच्या खोक्यातून नेले होते मी:
पगाराच्या चिठ्ठ्या, कराचे हिशेब,
घडीवर फाटलेला घटस्फोटाचा निकाल,
आणि एक कर्ज, जे मी बोललेच नव्हते.
भावासाठी सही केलेली. ट्रकचं.
ट्रक भंगारात गेला, भाऊ अल्बर्टात,
कर्ज माझ्याकडे राहायला आलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"लपवलेलं कर्ज म्हणजे तळघरातलं पाणी," म्हणाला,
"घर बघायला येणाऱ्याला
आधी त्याचाच वास लागतो."

निळं घर हातचं गेलं, हे सांगून टाकते.
तलावाकडे तोंड, पोर्चला नवा रंग,
मी मनात पडदेसुद्धा लावले होते.
"परवडेल तुला," तो म्हणाला, "फेब्रुवारीपर्यंत.
फेब्रुवारीत भट्टी बंद पडली, की नाही."
तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
चौथ्या दिवशी पाव घ्यायला गेले
आणि पाय जिन्याकडे वळले.

पतपेढीला त्यानं पत्र लिहिलं. एक प्रत मला.
दोन परिच्छेद नुसते आकडे. मग हे:
"डारिया हनाटिव गेले एकोणीस हिवाळे
उणे तीसमध्ये, पहाटे पाचला,
मुलं चढायच्या आधी बस गरम करून ठेवते.
पगार दहा महिन्यांचा आहे.
सवय बारा महिन्यांची."

माझ्या लग्नात, घटस्फोटात, कुठल्याच कागदावर
माझ्याविषयी इतकं नीट कुणी लिहिलं नव्हतं.
बस डेपोत लावून, इंजिन बंद करून
मी ते दोनदा वाचलं.
मग व्याजदराची ओळ पाहिली.
पाव टक्का जास्त होता.
भांडायला पुन्हा पंधरा पायऱ्या चढले.
त्यातला अर्धा त्यानं उतरवला,
उरलेला मी गिळला.

आता मी रेल्वे यार्डाला लागून राहते.
रात्री गव्हाच्या मालगाड्या जातात
आणि कपाटातल्या बशा एकमेकींना ढोसतात.
घराचा रंग सांगता येत नाही,
बहुतेक पिवळा होता.
पहिला हप्ता जुलैत पडला.
भरला.

पावती दाखवायला वर गेले होते,
तशी काही गरज नसताना.
मुदत पाचच वर्षांची. मग नवा दर,
नव्या सह्या, पुन्हा बुटांचं खोकं.
मी विचारलं, "तेव्हा तुम्ही असाल ना?"

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला
आणि पेन्सिलीला टोक काढू लागला.